सिमरोलजवळचा खासगी मातीचा बांध: सांडवा, पाझर, भेगा आणि मे महिन्यातली कामं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरहून सिमरोलच्या बाजूला, शेतघराला लागून नाल्यावर मातीचा जुना बांध आहे. पाळ 140 मीटर लांब, मधोमध 6 मीटर उंच, माथा जेमतेम 3 मीटर रुंद. भरल्यावर तळं 2 हेक्टरचं होतं, पाणलोट 60 हेक्टरच्या आसपास. तळ्याचा उपयोग होडी, मासे आणि सुट्टीतला मुक्काम एवढाच. उन्हाळ्यात माथ्याला भेगा पडतात, पावसाळ्यानंतर कोरड्या बाजूच्या पायथ्याशी जमीन ओली राहते, पाळीवर झाडं वाढली आहेत, आणि पाणी जास्त दिवस टिकावं म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर, विटांचे दोन थर चढवले आहेत. पावसाळ्याआधी काय करावं?

आधी त्या विटा काढा. बाकीची कामं मे महिन्यात होतील, पण विटा आजच काढून टाका.

कारण हिशोबात आहे. तुमचा सांडवा 6 मीटर रुंद आणि मूळचा माथ्यापेक्षा 1 मीटर खाली. माथ्याखाली 40 सेंमी मोकळी उंची राखायची म्हटली तर सांडव्यावरून पाणी 60 सेंमी चढू शकतं. रुंद माथ्याच्या सांडव्याचा विसर्ग म्हणजे 1.7 गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. 60 सेंमीला सेकंदाला 4.7 घनमीटर पाणी जातं. विटांचे दोन थर म्हणजे 20 सेंमी. आता पाण्याला चढायला 40 सेंमीच उरले, आणि विसर्ग आला 2.6 घनमीटरवर. दोन थरांनी सांडवा जवळजवळ निम्मा बंद झाला.

आता येणारं पाणी बघा. 60 हेक्टर पाणलोट, काळ्या मातीच्या उताराच्या शेतांना वाहून येण्याचा गुणांक 0.5, तासाला 100 मिमीच्या वेगाने पडणारी सर: 60 × 0.5 × 100 ÷ 360, म्हणजे सेकंदाला 8.3 घनमीटर. पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून पुराचा अंदाज देणाऱ्या डिकन्सच्या सूत्राने, मध्य भारतासाठीचा सगळ्यात खालचा गुणांक 14 धरला तरी 9.5 येतं. मालव्यात वर्षभरात 950 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, पण बांधाला वर्षाच्या पावसाची फिकीर नसते. त्याला अर्धा-पाऊण तासाची एक सर सोसायची असते. जमीन आधीच भिजलेली, तळं भरलेलं आणि वर ती सर, हा योग ऑगस्टमध्ये येतो. म्हणजे विटा काढल्यावरही सांडवा अपुराच आहे. किमान 10 घनमीटर धरून तो 13 मीटर रुंद हवा. खालच्या अंगाला वस्ती असेल तर आकडा आणखी वाढवा आणि तो एखाद्या जलसंपदा खात्यात काम केलेल्या अभियंत्याकडून तपासून घ्या. मातीच्या पाळीवरून पाणी एकदा वाहू लागलं की ती टिकत नाही. कोरड्या बाजूचा उतार खालून खात खात पाणी माथ्यापर्यंत येतं आणि मग पाळ तासाभरातही जाऊ शकते.

सांडवा रुंद करताना तो बाजूच्या मूळ जमिनीतच खोदा, भरावावर नाही. उंबरठा काँक्रीटचा, 30 सेंमी जाड, आणि त्याच्या दोन्ही कडांना जमिनीत 75 सेंमी खोल उतरणारी पडदी, म्हणजे पातळ भिंत. सांडव्यातून पडलेलं पाणी पुढे नेणारा खालचा पुच्छ कालवा पाळीच्या पायथ्यापासून लांब वळवून मूळ नाल्यात न्या. कालव्यात दगड लागला तर उत्तम. मुरूम लागला तर पाणी खालून वर उलट खणत येतं, दर पावसाळ्यात खड्डा एक-दोन मीटर उंबरठ्याकडे सरकतो. तिथे जाळीतल्या दगडांच्या पायऱ्या घाला. आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर लावतात ती बारीक जाळी कधीही लावू नका. पहिल्याच पुरात तिला बेशरमच्या फांद्या, जलपर्णी आणि सोयाबीनचा काडीकचरा अडकतो आणि जाळीची भिंत होते. मासे अडवायचेच असतील तर 4 ते 5 सेंमी अंतराच्या उभ्या सळया, खालच्या बाजूला कललेल्या आणि सांडव्याच्या दुप्पट लांबीवर पसरलेल्या, एवढीच सोय चालते. तीही प्रत्येक मोठ्या पावसानंतर साफ करणारा माणूस असेल तरच.

करमणुकीच्या तळ्यांची अडचण ही असते की जे डोळ्यांना छान दिसतं तेच नेमकं पाळीला बाधतं: काठोकाठ पाणी, माथ्यावर सावली देणारी झाडं, बसायला छत्री, दिव्यांसाठी माथ्यावरून नेलेली केबल. सिंचनाच्या तलावात या गोष्टी कुणी करत नाही. शिवाय अशा बांधाकडे बघणारं सरकारी खातं नाही. धरण सुरक्षा अधिनियम 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमधल्या ठरावीक निकषांत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. 6 मीटरच्या बांधाचा निरीक्षक मालकच.

आता पायथ्याची ओल. मातीचा कुठलाही बांध थोडा पाझरतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तीन गोष्टी बघायच्या: पाणी किती, स्वच्छ की गढूळ, आणि तळ्याची पातळी तीच असताना वाढतंय का. ओलीच्या खालच्या कडेला छोटा चर काढून पाणी एका जागी आणा. 15 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. 30 सेकंद लागले तर अर्धा लिटर प्रतिसेकंद. कायमची सोय करायची तर पत्र्याची 90 अंशांची त्रिकोणी खाच बसवा. खाचेवर पाणी 3 सेंमी उंच असेल तर सुमारे 0.2 लिटर, 5 सेंमी असेल तर पाऊण लिटरच्या वर. तळ्यात रंगवलेली मोजपट्टी उभी करा आणि वहीत दर आठवड्याला तारीख, पातळी, पाझर आणि आदल्या आठवड्याचा पाऊस लिहा. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी लिहा. पाझराचं पाणी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर दिसला तर पाणी पाळीच्या आतली माती घेऊन बाहेर येतंय. ही धोक्याची खूण आहे, मग प्रवाह करंगळीएवढा का असेना.

पाझर स्वच्छ आणि स्थिर असेल तर त्यावर उलटी गाळणी घालतात. तत्त्व साधं आहे: पाणी जाऊ द्यायचं, माती जाऊ द्यायची नाही. समजा ओल 12 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद पट्ट्यात आहे. वरचं गवत आणि चिखल 15 सेंमी काढा. त्यावर 15 सेंमी जाड वाळू, मग 15 सेंमी 10 मिमीची बारीक गिट्टी, मग 15 सेंमी 20 ते 40 मिमीची गिट्टी, वर 30 सेंमी दगड. पहिल्या तीन थरांना प्रत्येकी सुमारे 7 घनमीटर, दगड 14 घनमीटर. वाळू नर्मदेची, जाडी आणि धुतलेली हवी. क्रशरची चुरी स्वस्त मिळते म्हणून ठेकेदार तीच आणेल. ती घेऊ नका. तिच्यातल्या दगडाच्या पिठाने गाळणी एक-दोन वर्षांत तुंबते, पाणी पाळीत मागे चढतं आणि उतार घसरतो. ओलीवर काळी माती दाबणं किंवा प्लास्टिक अंथरणं याचाही परिणाम हाच. बाहेरून बूच मारलं की पाणी थांबत नाही, दुसरी वाट शोधतं. अडवायचं असेल तर पाण्याकडच्या बाजूने, तळं रिकामं असताना.

मालव्यातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. इथे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा दगड. तळ्याच्या तळाशी असलेला काळ्या मातीचा थर हेच त्याचं अस्तर. उन्हाळ्यात गाळ काढताना शेतकऱ्यांना ती माती हवीच असते, जेसीबीवालाही उत्साहाने खोल जातो, आणि पिवळसर मुरूम उघडा पडतो. पुढच्या वर्षी तळं दिवाळीआधीच खाली जातं आणि दोष पाळीला दिला जातो. गाळ काढण्याआधी पाच-सहा ठिकाणी खड्डे घेऊन थर मोजा. खाली किमान 60 सेंमी चिकण काळी माती शिल्लक ठेवा आणि पाळीच्या आतल्या पायथ्यापासून 15 मीटरच्या आत खोदूच नका.

पाणी खरंच झिरपतंय की उडतंय हे कळायला बादलीचा प्रयोग करा. बादली अर्ध्याहून जास्त भरून, काठ वर राहील अशी, तळ्याच्या उथळ पाण्यात दगड घालून उभी करा. आतली आणि बाहेरची पातळी खुणेने नोंदवा. आठ दिवस पाऊस नसेल अशी वेळ निवडा. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं ते बाष्पीभवन, मे महिन्यात ते दिवसाला 8 मिमीपर्यंत असू शकतं. तळं त्याहून जितकं जास्त उतरलं तेवढी गळती. 2 हेक्टरवर दिवसाला 5 मिमीचा फरक म्हणजे 100 घनमीटर पाणी. पायथ्याला खाचेतून एवढं येत नसेल तर ते तळातून जातंय, पाळीतून नाही.

भेगांकडे वळू. काळी माती सुकली की आक्रसते, आणि तुमच्या पाळीवर ती उघडी आहे असं वर्णनावरून दिसतं. वेड्यावाकड्या, जाळीसारख्या भेगा सुकण्याच्या असतात. पाळीच्या लांबीला समांतर, कमानीसारखी वळलेली आणि एक बाजू दुसरीपेक्षा खाली बसलेली भेग घसरणीची असते. ती दिसली तर दुरुस्ती स्वतः करू नका, पाणी उतरवा आणि अभियंत्याला बोलवा. पाळ आडवी कापणारी, पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणारी भेग सगळ्यात वाईट, कारण पहिल्या पाण्याला ती तयार वाट असते. खोली कळण्यासाठी भेगेत पातळ चुन्याचं पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी शेजारी खणून पांढरी रेघ कुठवर गेली ते बघा.

सुकण्याच्या भेगा मेच्या शेवटी उघडा. भेग संपते त्याखाली 30 सेंमीपर्यंत, तळाशी 60 सेंमी रुंद आणि वर पसरत जाणारा चर घ्या. भरायला दोन भाग काळी माती आणि एक भाग बारीक मुरूम. ओल किती हवी? मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, हाताला पाणी लागू नये, आणि तळहातावर वळली की 3 मिमीची वात होऊन तुटू लागावी. 15 सेंमीचे थर, प्रत्येक थराचा वरचा भाग पुढच्या थराआधी खरवडलेला, आणि चरात उभ्याने मारणारा जंपिंग रॅमर. सपाट प्लेटचं कंपन यंत्र मुरूम-वाळूला चालतं, चिकण मातीला नाही. भेगेत नुसती सुटी माती लोटून वरून पाणी मारणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. वरचा हातभर भाग बंद होतो, खाली पोकळी तशीच राहते, आणि ती आता दिसतही नाही.

मग सगळ्या माथ्यावर 30 सेंमी मुरमाचं टोपण घाला, म्हणजे काळी माती पुन्हा उघडी पडून सुकणार नाही. 140 मीटर गुणिले कडांसह साडेतीन मीटर गुणिले 0.3, म्हणजे दाबलेला 147 घनमीटर. सुटा 180 च्या आसपास लागेल, 10 घनमीटरच्या डंपरच्या 18 खेपा. दोन थरांत टाका, 8 ते 10 टनी रोलरच्या आठ फेऱ्या द्या. माथ्याला उतार पाण्याकडे ठेवा, मीटरला 3 सेंमी, नाहीतर पावसाचं पाणी कोरड्या उतारावर घळी पाडतं. मधला भाग वर्षानुवर्षांत बसलेला असतो. पाण्याच्या नळीने दर 10 मीटरला माथ्याची पातळी तपासा. कारण पूर आला की पाणी पाळीच्या सरासरी उंचीवरून नाही, सगळ्यात खोलगट जागेवरून जातं.

झाडांबद्दल वाईट वाटेल, पण पाळीवरची झाडं ठेवता येत नाहीत. पिंपळ, बाभूळ, कडुनिंब यांची मुळं पाझराच्या दिशेने जातात, आणि झाड मेलं किंवा वादळात उन्मळलं की मुळाच्या जागी नळी उरते. मनगटाएवढ्या खोडाची झाडं जमिनीलगत कापा आणि फुटवे येऊ देऊ नका, मुळं राहिली तरी चालतील. त्याहून जाड झाड नुसतं कापणं धोक्याचं, कारण मुळं पाच-सात वर्षांत कुजतात. तळं उतरलेलं असताना बुंधा आणि अंगठ्याहून जाड मुळं खणून काढा आणि खड्डा वर सांगितलेल्या पद्धतीने थरांत भरा. पाळीच्या पायथ्यापासून 8 मीटरच्या पलीकडे हवी तेवढी सावली करा. पाळीवर हरळी लावा. कोरड्या उतारावर घळी पडत असतील तर वाळ्याच्या आडव्या ओळी, उतारावर दर दोन मीटरला. बेशरम मात्र मुळासकट काढा, ते काठ झाकून टाकतं आणि त्याखालची बिळं दिसत नाहीत.

घुशी, खेकडे, मुंग्यांची वारुळं. बिळाचं तोंड बुजवून काही होत नाही. बीळ शेवटपर्यंत उकरून भरा. खूप खोल गेलं असेल तर माती 8, सिमेंट 1 आणि पाणी असा दाटसर रबडा ओता, तो स्वतःच्या वजनाने आत जाऊ द्या, जोपर्यंत घेतंय तोपर्यंत.

लाटांची उंची अशा तळ्यात फार नसते. 300 मीटरच्या मोकळ्या पाण्यावर साधारण 25 सेंमी. पण मोटरहोडी फिरली की तीच लाट दिवसात शंभरदा एकाच पातळीवर आपटते आणि उतारात पायरी कोरते. वल्ह्याची किंवा पायडलची होडी ठेवा. धक्का पाळीवर नको, बाजूच्या मूळ काठावर करा. पिचिंग, म्हणजे पाण्याकडच्या उतारावरचं दगडी अस्तर, उखडलं असेल तर 30 सेंमी दगड हाताने रचून, त्याखाली 15 सेंमी गिट्टी आणि 15 सेंमी वाळू. खालचे थर वाचवले तर दगडाच्या फटींतून माती धुऊन जाते आणि पिचिंग दोन वर्षांत खचतं.

पाळीतून जाणारा पाइप ही कुठल्याही मातीच्या बांधाची नाजूक जागा. 12 जुलै 1961 रोजी पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तेव्हाही पाणी सोडायच्या मोरीवरचा भराव खचत गेला आणि मग पाणी माथ्यावरून गेलं. तुमच्या पाइपाच्या बाहेरच्या तोंडाशी, पाइपाच्या आत नाही तर भोवताली, ओल आहे का ते बघा. व्हॉल्व्ह पाण्याकडच्या टोकाला असावा, म्हणजे पाळीखालचा पाइप एरवी रिकामा राहतो. खालच्या टोकाला असेल तर बारा महिने दाबाखालचं पाणी पाळीच्या पोटात असतं. वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पूर्ण बंद करा आणि दांड्याला ग्रीस लावा. न फिरवलेला व्हॉल्व्ह गरजेच्या रात्री फिरत नाही.

पाइपच नसेल किंवा सडला असेल तर नवीन पाइपासाठी पाळ खोदू नका. माथ्यावरून सायफन टाका, म्हणजे पाणी आधी माथ्यावर चढवून पलीकडे खाली ओढून नेणारा पाइप. इंदूरकरांना यशवंत सागर धरणाचे सायफन ऐकून ठाऊक असतात, तत्त्व तेच. 160 मिमीचा एचडीपीई, म्हणजे जाड प्लॅस्टिकचा पाइप, पाण्यातल्या टोकाला जाळी आणि फूट व्हॉल्व्ह, माथ्यावर पाणी भरायचं तोंड आणि हवा काढायचा कॉक, खालच्या टोकाला व्हॉल्व्ह. तळ्याची पातळी आणि पाइपाचं खालचं टोक यांत 4 मीटरचा फरक असेल तर सेकंदाला 40 लिटर सहज जातं. दिवसाला साडेतीन हजार घनमीटर, म्हणजे तळं 17 सेंमी उतरेल. नेहमीच्या कामात याहून फार घाई करूही नये, 30 सेंमीच्या वर तर नाहीच. पाणी झपाट्याने उतरलं की भिजलेला आतला उतार आधार जाऊन तळ्यात घसरतो. समुद्रसपाटीपासूनच्या इथल्या उंचीवर सायफनची चढ, म्हणजे तळ्याच्या पातळीपासून पाइपाच्या सगळ्यात उंच जागेपर्यंतचं अंतर, 6 मीटरच्या आत ठेवा.

पोहणाऱ्यांसाठी: सांडव्यापासून आणि पाइपाच्या तोंडापासून 15 मीटरवर तरंगती दोरी बांधा, होडीत प्रत्येकाला जॅकेट द्या, काठावर 20 मीटर दोरीची रिंग ठेवा. खोली जिथे एकदम वाढते तिथे खूण करा. पाणी तपासून घ्या: अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मर्यादा 100 मिलीला एकूण कोलिफॉर्म (मैल्याची खूण देणारे जंतू) 500, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिग्रॅ, बीओडी (पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू) लिटरला 3 मिग्रॅपर्यंत. शेतघराचा सोकपिट, म्हणजे सांडपाणी जिरवायचा खड्डा, तळ्याच्या वरच्या अंगाला असेल तर तो आधी हलवा. गणपती या तळ्यात विसर्जित करू नका, शाडूचा असला तरी कुंडात करा. कोजागिरीला माथ्यावर माणसं बसली तर पाळीला काही होत नाही, पण गाड्या वर चढवू नका. चाकोऱ्यांत पाणी साचतं आणि तिथून भेग सुरू होते.

वाईट वेळेची तयारी आधी लागते. ऑगस्ट 2022 मध्ये इथून जवळच, धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकाम सुरू असलेल्या मातीच्या धरणाला गळती लागली. खालची गावं रिकामी करून बाजूने चर खोदून पाणी काढावं लागलं. तुमच्याकडे तेवढी यंत्रणा येणार नाही. म्हणून 15 जूनआधी पाळीच्या टोकाशी, मूळ जमिनीवर, 5 घनमीटर जाडी वाळू, 5 घनमीटर गिट्टी, 10 घनमीटर दगड आणि 300 रिकाम्या गोण्या ठेवा. खालच्या शेतांतले आणि घरांतले फोन नंबर, सरपंच, पटवारी आणि 112 हे भिंतीवर लिहा. पायथ्याशी गढूळ पाण्याची उकळी फुटली, म्हणजे जमिनीतून पाणी उसळू लागलं, तर आधी खालच्या लोकांना उठवा आणि सायफन, व्हॉल्व्ह दोन्ही पूर्ण उघडा. या वेळी 30 सेंमीचं बंधन पाळायचं नाही. मग उकळीभोवती गोण्यांचं कडं करा, आत जाडी वाळू टाका, ती उसळून निघत असेल तर आधी गिट्टी टाकून जोर मोडा आणि मग वाळू, वर पुन्हा गिट्टी. पाणी स्वच्छ येऊ लागेपर्यंत कडं वाढवत राहा. तळ्यात भोवरा दिसला तर त्यात गवताचे पेंढे आणि मातीच्या गोण्या लोटा, पण पाळीवरूनच, होडीत बसून नाही. पाझर वाढतोय आणि गढूळच आहे, किंवा माथा बसू लागला, तर सगळ्यांनी पाळीवरून उतरून बाजूच्या उंच जमिनीवर जा, नाल्याच्या दिशेने नाही.